घरातली बिअर, शिवारातली ज्वारी आणि १९४९चा कायदा

धाराशिव शहरातील दोन खोल्यांच्या सदनिकेत कोणी ज्वारीला मोड आणून तिची बिअर आंबवायला ठेवली, तर कायद्याच्या लेखी तो आणि नाल्याकाठी हातभट्टी लावणारा यांच्यात मूलतः फरक राहत नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. परवान्याविना मद्य तयार करणे हा या कायद्याखाली गुन्हा आहेच. पण त्यासाठीची भांडी व साहित्य बाळगणेही गुन्हाच आहे. परवाना मिळतो तो कारखान्याला, किंवा पुण्यात २००९मध्ये 'डूलाली'ने सुरुवात केली तशा उपाहारगृहाला जोडलेल्या छोट्या मद्यनिर्मितीगृहाला. स्वतःपुरती चार बाटल्या बिअर करणाऱ्या नागरिकाचा विचार या कायद्यात नाही.

ही एकसारखी वागणूक शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. बिअर आंबवली जाते, गाळली जात नाही. धान्यातील साखरेवर यीस्टची प्रक्रिया होऊन तयार होणाऱ्या या पेयात मद्यार्काचे प्रमाण साधारण चार ते सहा टक्के असते. मिथेनॉल त्यात जवळजवळ नगण्य. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक जीव गेले, ते घरातल्या आंबवणीमुळे नव्हे, तर औद्योगिक वापराचे मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्यामुळे. तो गुन्हा भेसळीचा आणि काळ्या व्यापाराचा होता. दोन्हींना एकाच कलमात बसवल्याने खऱ्या धोक्यावरची नजर ढळते.

अर्थात, कायदा उद्या सैल झाला तरी धाराशिवच्या हवेत ही कला सोपी नाही. नेहमीच्या 'एल' प्रकारच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंश सेल्सिअसला नीट काम करते. बालाघाटच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. शिवाय आंबवण्याच्या क्रियेतून उष्णता निर्माण होत असल्याने भांड्यातील द्रव खोलीहून काही अंश गरमच असतो. अशा उन्हाळ्यात यीस्ट बेफाम होते आणि चव बिघडवणारे जड मद्यार्क तयार होतात. ओली गोणपाटे, पाण्याच्या टबात ठेवलेले भांडे हे उपाय तोकडे पडतात, आणि सतत वातानुकूलन चालवून ही हौस परवडणारी नाही. पावसाळ्यात तापमान उतरते, पण दमट हवेत मोड आलेले धान्य वाळत नाही आणि बुरशीची भीती राहते. उरतो मार्गशीर्ष ते माघ हा काळ. तेव्हा बंद खोलीचे तापमान आपोआपच यीस्टला मानवते. थोडक्यात, या जिल्ह्यात घरगुती बिअर हे रब्बीचे पीक ठरेल.

आणि रब्बीची ज्वारी ही तर या भागाची ओळख. बार्ली येथे पिकत नाही, ज्वारी पिकते. ज्वारीची बिअर ही कल्पनाही नवी नाही. दक्षिण आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होते, आणि नायजेरियाने १९८८मध्ये बार्ली-माल्टच्या आयातीवर बंदी घातल्यावर तेथील कारखाने ज्वारीकडे वळले. अडचणी मात्र आहेत. ज्वारीतील पिष्ठ बार्लीपेक्षा जास्त तापमानाला शिजते, आणि पिष्ठाची साखर करणारी विकरे तिच्या मोडांत कमी असतात. कोवळ्या अंकुरांत सायनाइड निर्माण करणारा घटकही असतो; म्हणून वाळवल्यावर मोड चोळून काढावे लागतात.

ज्वारीतून मद्य हा विचार सरकारलाही परका नाही. २००७मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाचे धोरण आणले. ज्वारी उत्पादकाला भाव मिळेल, हा युक्तिवाद तेव्हा झाला. अन्नधान्याची दारू करण्यावरून टीकेचा भडिमारही झाला. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क वाढवताना धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा वर्ग निर्माण केला. म्हणजे धान्याच्या मद्याला राज्याची हरकत नाही. हरकत आहे ती महसूल न देणाऱ्या मद्याला. दारूबंदीच्या नावाने उभा राहिलेला कायदा व्यवहारात महसुलाचा कायदा झाला आहे, हे यातून स्पष्ट दिसते.

इतर देशांनी हा पेच सोडवला आहे. ब्रिटनने १९६३मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि कुटुंबाला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बिअर घरी करण्याची मुभा मिळाली. विक्रीला बंदी आणि प्रमाणाला मर्यादा, हे त्यामागील साधे सूत्र होते.

तरीही ते सूत्र येथे जसेच्या तसे उचलता येणार नाही. पहिले कारण पाणी. एक लिटर बिअरमागे धुण्या-थंड करण्यासह कितीतरी लिटर पाणी लागते. २०१६च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आले, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपातीचा आदेश दिला. उजनीच्या जलवाहिनीकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात हौसेच्या पाण्याचा हिशेब शेजारी विचारणारच. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. 'आडवी बाटली'साठी मतदान करून गावातले दुकान बंद पाडणाऱ्या महिलांनी दारूची किंमत संसारात मोजली आहे. घरात दारू करण्याची मुभा म्हणजे ज्या घरातून ती हद्दपार केली, त्याच घरात तिला पुन्हा जागा देणे, असे त्यांना वाटले तर ते चूक म्हणता येणार नाही. शिवाय 'घरगुती' या शब्दाआड हातभट्टी लपणार नाही, याची हमी आजची यंत्रणा देऊ शकत नाही.

म्हणून सरसकट मुभा नको. पण भेद हवा. आंबवणे आणि गाळणे, स्वतःपुरते आणि विक्रीसाठी, या दोन रेषा कायद्यात स्पष्ट आखल्या, तर पोलिसांची शक्ती खऱ्या विषावर खर्च होईल. पंचाहत्तर वर्षांहून जुना कायदा कायम ठेवायचा असेल तर तो नेमका कशासाठी, महसुलासाठी की माणसाच्या जिवासाठी, याचे उत्तर सरकारने द्यायलाच हवे.