क्यू कसा घेणार?

नायिका कर्णबधिर असलेल्या नव्या नाटकासाठी एका संस्थेने कलाकार मागवले आणि संपर्कासाठी दिला फक्त फोन नंबर! आमच्या एका कर्णबधिर वाचक अभिनेत्रीने भावाला फोन करायला लावला. पलीकडून एवढाच प्रश्न आला, "अहो, पण ती क्यू कसा घेणार?" म्हणजे आपले वाक्य कधी सुरू करायचे, हे तिला कळणार कसे? भूमिका ऐकू येणाऱ्या मुलीला गेली. त्या अभिनेत्रीचे पत्र वाचल्यापासून आम्ही अस्वस्थ आहोत.

हा प्रश्न निकाली निघून चार दशके लोटली. फिलिस फ्रेलिक ही नॉर्थ डकोटातल्या कर्णबधिर आईबापांची मुलगी, 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ'च्या पहिल्या फळीतली. आपल्यासारख्यांना भूमिकाच नाहीत, हे तिने नाटककार मार्क मेडॉफला सांगितले आणि त्याने तिच्यासाठी 'चिल्ड्रेन ऑफ अ लेसर गॉड' लिहिले. ब्रॉडवेवर त्याचे ८८७ प्रयोग झाले. १९८० चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी फ्रेलिकला मिळाला. नाटकाची कर्णबधिर नायिका सारा खुणांनी बोलते आणि ऐकू येणारा नायक जेम्स तेच बोलता बोलता उच्चारतो, त्यामुळे कोपऱ्यात दुभाषी उभा करावा लागत नाही. ही सोय संहितेतच आहे. त्यासाठी जेम्स करणाऱ्या जॉन रुबिनस्टाइनला खुणांची भाषा शिकावी लागली. तोही टोनी घेऊन गेला. व्यावसायिक प्रयोगात सारा कर्णबधिर अभिनेत्रीनेच करावी, असा मेडॉफचा आग्रह होता. पुढे चित्रपटात ती मार्ली मॅटलिनने केली आणि २१ व्या वर्षी ऑस्कर मिळवले.

दिग्दर्शकहो, क्यू नजरेने घेता येतो, स्पर्शाने घेता येतो, बदलत्या प्रकाशाने घेता येतो. तो तालमीत बसवावा लागतो, आणि ते तुमचे काम आहे. अंधारात तिचे वाक्य ठेवू नका. समोरच्या नटाला तिच्याकडे पाठ करून उभा करू नका. हातांवरचा प्रकाश काढू नका. दुभाषी रंगीत तालमीला नको, पहिल्या वाचनाला हवा, आणि त्याचे मानधन नेपथ्याच्या खर्चाइतकेच आधी धरा. निर्मात्यांनी एवढा खर्च परवडत नाही म्हणू नये. फिरत्या रंगमंचाला पैसे निघतात.

निवडीच्या जाहिरातीत फोनशेजारी ईमेल छापायला तर काहीच लागत नाही. ते या महिन्यापासून करा. आणि त्या संस्थेची तालीम अजून सुरू झालेली नसेल, तर निवड पुन्हा घ्या. त्या अभिनेत्रीचा पत्ता आमच्याकडे आहे. एक ओळ लिहा, निरोप त्याच दिवशी पोचवू.