मसल कार आणि आमची पांदण

आमच्या घरातल्या भाचे-पुतण्यांनी एकमताने निकाल लावलाय : खरी गाडी म्हणजे जुनी अमेरिकन मसल कार आणि जिप्सी म्हणजे पत्र्याचा डबा! हा निकाल मला साफ नामंजूर आहे. वालूरचा माणूस म्हणून तर दुप्पट नामंजूर.

आधी समोरच्यांची बाजू मांडतो, नाहीतर म्हणतील मामा रडीचा डाव खेळतो. १९६४ साली पॉन्टियाकने जीटीओ काढली. मधल्या आकाराच्या साध्या गाडीत थेट ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. ताकद ३२५ हॉर्सपॉवर. आणि मारुतीने १९८५ मध्ये आणलेली पहिली जिप्सी? ९७० सीसी, ताकद साधारण ४५. कागदावर सामना इथेच संपला.

पण मंडळी, गाडी कागदावर चालत नाही, रस्त्यावर चालते. जीटीओ आली तेव्हा अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने सुरू झालेले महामार्ग पसरत होते, पेट्रोल स्वस्त होतं. पाव मैल सरळ पळणं ही तिची परीक्षा. म्हणजे रस्ता आधी आणि गाडी नंतर. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि १९७४ नंतर ती जुनी जीटीओ बंदच झाली.

आता आमच्याकडे या. सेलू तालुक्यातली काळी जमीन. कापूस, तूर, सोयाबीन भरभरून देणारी. पण दोन दिवसांची झड लागली की हीच माती चपलेला किलो-किलोने चिकटते. शेताकडे जाणारी पांदण म्हणजे नुसता गारा. तिथे ३२५ घोडे मागच्या दोन चाकांना जुंपले तर गाडी पुढे जात नाही, स्वतःसाठी खड्डा खणते! जिप्सी हलकी, जेमतेम टनभर. चारही चाकं ओढतात, लो गिअर टाकला की म्हशीसारखी सावकाश पण नक्की बाहेर येते. आपल्या लष्कराने ती वर्षानुवर्षं वापरली, ती काही हौस म्हणून नाही.

हो, पाटे कडक आहेत. मागच्या बाकावर बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. पेट्रोलही पिते. सगळं कबूल. पण आखाड्यावर कुणाला रात्री साप चावला, तर पाव मैल किती सेकंदांत गेलात हे कुणी विचारत नाही. डांबरी रस्त्यापर्यंत पोचलात का, एवढंच विचारतात.

"मामा, आता समृद्धी महामार्ग झालाय की!" हे एका भाच्याचं उत्तर. झालाय ना, छानच झालाय. पण तिथेही कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि आमचा आखाडा समृद्धीला लागून नाही.

माझा राग जीटीओवर नाहीच. ती तिच्या मुलखात राणी होती. राग आहे तो दुसऱ्याच्या रस्त्याच्या मापाने आपली गाडी मोजण्यावर. आणि हो, शहरात जुनी जिप्सी घेऊन, मोठे टायर लावून, रविवारी फक्त धुऊन उभी करणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. तुमचीही मसल कारच झाली की!

असो. ज्यांना पटत नसेल त्यांनी भर पावसाळ्यात वालूरला यावं. आधी आमची बारव दाखवतो, मग पांदणीने शेतावर जाऊ. गाडी तुमची तुम्ही निवडा.