मोबदला आलाय? जरा थांबा!

पप्पांचा फोन वाजतो. बँकेचा मेसेज. आकडा एवढा मोठा की शून्यं दोनदा मोजावी लागतात. आजी देवापुढे साखर ठेवते. आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर अशी चार माणसं येऊन बसतात, जी गेल्या गणपतीत फिरकलीसुद्धा नव्हती.

दोस्तांनो, वसई-विरारमध्ये हा सीन तुमच्यापैकी अनेकांनी घरात नाहीतर शेजारी पाहिला असेल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, मालगाड्यांसाठीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग. तिन्ही आपल्याच तालुक्यातून जातात. ज्यांची जमीन त्यात गेली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या खात्यात आजोबांनी जन्मभर केळी आणि पानं विकून पाहिली नसेल एवढी रक्कम एका दिवसात जमा झाली. आता या पैशांचं करायचं काय?

माझं म्हणणं साधं आहे. पहिले सहा महिने काहीच करू नका.

कारण ही लॉटरी नाही. लॉटरीचे पैसे उडाले तर माणूस होता तिथे परत येतो. मोबदला उडाला तर तेवढंही नशिबात नसतं, कारण मागे वाडीच उरलेली नसते. २०१३च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या भरपाईवर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. ती बक्षीस म्हणून नाही. आपण विकायला निघालो नव्हतो, जमीन सक्तीने घेतली गेली, म्हणून.

माझ्या एका मित्राच्या घरी पैसे आले तेव्हा पहिल्या महिन्यात दारात थार उभी राहिली. दुसऱ्या महिन्यात ताईची हळद झाली, डीजे पहाटेपर्यंत. उरलेले पैसे कुणीतरी ‘प्लॉट देतो’ म्हणून घेऊन गेला. आज मित्र पहाटेची विरार लोकल पकडून नोकरीला जातो आणि गाडी दारातच असते, डिझेल परवडत नाही म्हणून. गाडी घेतली हा गुन्हा नाही. वर्षानुवर्षं मन मारून जगलेल्या घराने थोडी हौस केली तर बिघडलं कुठे? पण हौसेचा आकडा आधी ठरवा आणि त्याच्या बाहेर जाऊ नका. त्यांच्याकडे खर्च आधी झाला, हिशेब नंतर.

बरं, सहा महिने पैसे ठेवायचे कुठे? ‘दामदुप्पट’ म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. आठवड्या-आठवड्याला परतावा देऊ म्हणणारी दादरची टोरेस ज्वेलरी जानेवारी २०२५मध्ये गोत्यात आली, तेव्हा दुकानाबाहेर जमलेली गर्दी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. बँकेतही डोळे मिटून ठेवू नका. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या बँकेच्या कर्जाचा मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता, ज्याच्या इमारती आपल्या वसई-विरारमध्येही आहेत.

फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेत एका खातेदाराच्या ठेवींना व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतपेढीतल्या ठेवींना तोही नाही. म्हणून ‘मॅनेजर आपल्या ओळखीचा आहे’ एवढ्यावर सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका. सहा महिन्यांच्या एफडी करा, वेगवेगळ्या बँकांत. २०१३च्या कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्यावर प्राप्तिकर नसतो, हे कलम ९६ सांगतं. पण त्यावर मिळणाऱ्या व्याजावर असतो. घरातला हिशेब करताना एवढं लक्षात ठेवा. समजा ६० लाख आले आणि ६ टक्के व्याज धरलं, तर महिन्याला ३० हजार होतात. माझ्या इंटर्नशिपच्या मानधनापेक्षा कितीतरी जास्त!

आता मुख्य मुद्दा. ‘आपण ठरवू’ असं सगळे म्हणतात, पण त्या ‘आपण’मध्ये कोण कोण असतं? मोबदल्याची चाहूल लागली की अनेक घरांत आत्याला अचानक जेवायला बोलावतात. छान साडी देतात. आणि मग हक्कसोडपत्र पुढे करतात. ‘इथे सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ रक्कम किती ते कुणी सांगत नाही. तीही विचारत नाही, कारण विचारलं तर माहेर तुटेल.

कायदा काय सांगतो? २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाएवढाच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो आणखी स्पष्ट केला. वसईतल्या ख्रिस्ती घरांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर त्यातही मुलगा-मुलगी वाटा सारखाच. आत्याला भावासाठी हक्क सोडायचा असेल, तर तो तिचा निर्णय. पण तो आकडा ऐकून, कागद वाचून घेतलेला असावा.

आणि इथे आपलं काम सुरू होतं. घरात इंग्रजी नोटीस वाचणारे, पोर्टलवर सातबारा काढणारे आपणच असतो ना? मग तो कागद आत्याला मोठ्याने वाचून दाखवायलाही आपणच हवं. काका रागावतील. ‘दोन बुकं शिकलास म्हणून आम्हाला शिकवतोस?’ हेही ऐकावं लागेल. ऐकून घ्या.

ओट्यावरच्या त्या चार माणसांना चहा द्या, गप्पा मारा, हात जोडून निरोप द्या. मग दार लावून पप्पांना एवढंच विचारा : ‘आत्याला फोन केलात का?’