शेवटच्या संघातला पहिला

शिक्षेवरून माणसे जितकी भांडत नाहीत, तितकी बक्षिसावरून भांडतात. शिक्षा झालेला माणूस मान खाली घालून निघून जातो. बक्षीस मिळालेल्याकडे मात्र दहा जण मान वर करून पाहत असतात आणि त्यांतल्या नऊ जणांच्या मनात एकच प्रश्न असतो, 'याला का?' शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साहित्य संस्थांच्या पुरस्कारांपर्यंत हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आज तो मला जरा लांबच्या अंगणात नेऊन तपासायचा आहे. लांबच्या अंगणात अशासाठी, की तिथे आपल्या गल्लीतले कुणी खेळत नाही. त्यामुळे डोके थंड ठेवून निवाडा करता येतो.

हे अंगण आहे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. थंडीत मुलांना घरात कोंडून घ्यायचे, तर त्यांना काहीतरी खेळायला हवे, म्हणून त्याने पीच या फळाच्या टोपल्या भिंतीवर टांगल्या. तो खेळ पुढे जगभर गेला. मुंबईत नागपाड्याच्या पोरांच्या अंगात तर तो असा भिनला की त्या वस्तीची ओळखच होऊन बसला. अमेरिकेत मात्र त्याचे खरे घर म्हणजे विद्यापीठे. तिथली विद्यापीठे आपापले गट करून खेळतात, त्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. त्यांतलीच एक नामांकित म्हणजे १९५३ साली स्थापन झालेली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. नाव अटलांटिक किनाऱ्याचे. पण २०२४ साली तिच्यात पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही विद्यापीठेही दाखल झाली. पैशापुढे भूगोल वाकतो, हे काही केवळ आपल्याकडेच घडते असे नाही.

या कॉन्फरन्समध्ये १९५४ पासून दरवर्षी 'प्लेअर ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, निवडला जातो. १९८४ साली हा मान मायकेल जॉर्डनला मिळाला होता, एवढे सांगितले म्हणजे त्या मानाचे वजन कळेल. आणि या मानावरून २०१३ साली जो पेच पडला, तो मला फार बोलका वाटतो.

त्या हंगामात कॉन्फरन्समध्ये बारा संघ होते. मायामी विद्यापीठाचा संघ अठरापैकी पंधरा सामने जिंकून पहिला आला. जानेवारीत त्याने ड्यूकसारख्या बलाढ्य संघाला ९० विरुद्ध ६३ असे धूळ चारून सगळ्यांना चकित केले होते. या संघाचा कणा होता शेन लार्किन. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा, उंची पाच फूट अकरा इंच. म्हणजे आपल्याकडे उंच, पण त्या ताडमाड मंडळींत बुटकाच. बेसबॉलमधला नावाजलेला खेळाडू बॅरी लार्किन याचा हा मुलगा. सामन्यामागे याची सरासरी साडेचौदा गुणांची. आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण चेंडू कधी कुणाकडे द्यायचा, खेळाचा वेग कधी वाढवायचा आणि कधी आवरायचा, हे सगळे त्याच्या हातात.

बाराव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर होता व्हर्जिनिया टेकचा संघ. अठरापैकी चार विजय आणि चौदा पराभव. या संघात शेवटच्या वर्षाला असलेला एरिक ग्रीन नावाचा खेळाडू होता. त्याने सामन्यामागे सरासरी पंचवीस गुण केले, आणि ही सरासरी त्या वर्षी साऱ्या देशातल्या कॉलेज खेळाडूंत सर्वांत जास्त होती. संघ बारावा, खेळाडू देशात पहिला!

मग वर्षातला सर्वोत्तम खेळाडू कोण? गंमत पाहा. या सामन्यांचे वार्तांकन करणाऱ्या वार्ताहरांनी ग्रीनची निवड केली. संघांच्या प्रशिक्षकांनी लार्किनची केली. एकच हंगाम, तेच सामने, आणि निवाडे दोन. दोन्हीही जाणकारांचे.

प्रशिक्षकांची बाजू आधी मांडतो, कारण ती हलकी नाही. खेळ कशासाठी खेळायचा? जिंकण्यासाठी. ज्याच्या गुणांनी संघ जिंकत नाही, त्याचे गुण कितीही असले तरी ते वांझच नव्हेत का? शिवाय हरणाऱ्या संघात एकाच्याच हाती चेंडू सतत येतो. फेकी जास्त, म्हणून गुणही जास्त. याउलट लार्किनने स्वतः कमी गुण करून दुसऱ्यांना मोठे केले. संसारातही आपण हे पाहतो. मिळवता मुलगा सगळ्यांना दिसतो. पण कुणाला कधी काय हवे हे ओळखून घर चालवणारी मोठी सून हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही. तिचे माप घेणारा कुणीतरी असावा लागतो. प्रशिक्षकांनी ते माप घेतले, असे म्हणता येईल.

बँकेतल्या छत्तीस वर्षांत मी असेही शाखाधिकारी पाहिले, की जे सगळे स्वतःच करत. तिजोरीची किल्ली ते, पत्राचा मसुदा ते, थकबाकीदाराच्या दारातही तेच. हाताखालच्या कारकुनाला काही येऊच दिले नाही. त्यांची बदली झाली, की शाखा तिसऱ्या दिवशी आडवी! अशा माणसाचे कर्तृत्व खरे. पण त्याला सर्वोत्तम म्हणताना जीभ अडखळते. म्हणून प्रशिक्षकांचा मुद्दा मला पटतो, अगदी अर्ध्या वाटेपर्यंत.

तिथून पुढे का पटत नाही, तेही बँकेच्याच भाषेत सांगतो. जमाखर्चाचा पहिला धडा असा, की एकच रक्कम दोनदा जमा धरायची नाही. मायामीच्या विजयाचे बक्षीस मायामीला मिळालेले होते: पहिला क्रमांक. संघ घडवणाऱ्या जिम लारानागा यांना वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. त्याच संघातल्या ड्युरँड स्कॉटला सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला. इतक्या खात्यांत ते यश रीतसर जमा झाले होते. आता 'खेळाडू' नावाच्या खात्यातही तेच पुन्हा जमा करायचे, याला आमच्याकडे दुबार नोंद म्हणतात. अशाने तेरीज जुळत नाही. संघाचे माप घ्यायला गुणतक्ता आहे; खेळाडूचे माप घ्यायला जो वेगळा पुरस्कार ठेवला, त्यातही गुणतक्ताच बघायचा असेल, तर तो पुरस्कार वेगळा ठेवलाच कशाला?

आणि हे माप घेण्याचे काम शिल्डापुरते राहत नाही. दुष्काळी तालुक्यातल्या आमच्या एका शाखेत शेतीकर्जाचा एक अधिकारी होता. मोटारसायकलवरून दिवसाला दहा वाड्या फिरायचा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, विहिरींनी तळ गाठलेला. तरी या माणसाने कुणाची अब्रू न काढता, घरातले एक भांडे न उचलता वसुली केली. लोक त्याला दारातून परत पाठवत नसत, ताक देत. पण शाखा ठेवींत तळाला. त्या वर्षीचा उत्कृष्ट अधिकाऱ्याचा शिल्ड साखर कारखान्याच्या गावातल्या शाखेकडे गेला. तिथे ठेवी आपल्या पायांनी चालत येत. मी विभागीय कार्यालयात विचारले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "आम्ही पाऊस बघून शिल्ड देत नाही, आकडे बघून देतो." मी हे त्या अधिकाऱ्याला सांगितले, तर तो हसून म्हणाला, "साहेब, शिल्ड राहू द्या. एक जीप द्यायला सांगा." जीप आली नाही. दोन वर्षांनी त्याने बदली मागून घेतली, आणि त्याच्यानंतर त्या शाखेत जायला कुणी राजी होईना. का होईल? तिथे राबून काही होत नाही, हे सगळ्यांनी पाहिले होते.

इथे खरी गोम आहे. बक्षीस हे झालेल्या कामाचे मोल असतेच. पण पुढे कुणी कुठे काम करावे, याची ती एक मुकी सूचनाही असते. 'जिंकणाऱ्यांच्या गाडीत बसा, म्हणजे तुमचेही नाव होईल,' असे बक्षिसांनीच सांगायला सुरुवात केली, तर पडत्या शाळेत चांगला मास्तर का राहील? आडगावच्या दवाखान्यात हुशार डॉक्टर का थांबेल?

कुणी म्हणेल, ग्रीनला दिलेले बक्षीसही आकड्यांनाच दिलेले ना? नाही. नुसता आकडा मोठा म्हणून बक्षीस द्यावे, या मताचा मी नाही. याच कॉन्फरन्सचे १९५७ साल पाहा. त्या वर्षी साउथ कॅरोलायनाचा ग्रेडी वॉलेस सामन्यामागे ३१.२ गुण करून देशात पहिला आला. तरी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला नॉर्थ कॅरोलायनाचा लेनी रोझेनब्लूथ. त्याची सरासरी होती २८ गुणांची, आणि त्याचा संघ बत्तीसच्या बत्तीस सामने जिंकून देशाचा विजेता ठरला होता. तो निवाडा मला योग्य वाटतो. तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीत असताना संघाच्या यशाचे फूल एका पारड्यात टाकले, तर कुणाची हरकत नसावी. २०१३ मध्ये मात्र एकीकडे साडेचौदा आणि दुसरीकडे पंचवीस. एवढे अंतर भरून काढायला फूल पुरत नाही, धोंडा लागतो.

आणि ते पंचवीस कसे आले, तेही पाहायला हवे. या संघात एकाच माणसाला अडवायचे आहे, हे समोरच्या प्रत्येक संघाला ठाऊक होते. त्याच्या अंगावर दोघे-दोघे धावून येत. तरी त्याने घेतलेल्या फेकींपैकी जवळजवळ निम्म्या टोपलीत गेल्या. आंधळेपणाने चेंडू भिरकावणाऱ्याचे हे काम नव्हे. आधार नसताना तोल सांभाळणाऱ्याचे आहे.

१९५७ च्याच अंतिम सामन्यात आणखी एक नवल घडले. नॉर्थ कॅरोलायनाने कॅन्ससला तीन वेळा जादा वेळ खेळून ५४-५३ असे, अवघ्या एका गुणाने हरवले. पण त्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला हरलेल्या कॅन्ससचा विल्ट चेंबरलेन. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९६९ साली अंतिम मालिकेच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पहिल्यांदाच दिला गेला, तो हरलेल्या लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला. त्यानंतर आजवर हरलेल्या संघातल्या एकालाही तो मिळालेला नाही. पहिल्या वर्षी जे धैर्य होते, ते पुढे रिवाजात विरून गेले की काय, कोण जाणे.

आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. सांगलीच्या विजय हजारेंनी १९४३ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यात 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. त्या सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंटांनीही नाबाद अडीचशे केल्या होत्या. पण आज सामन्याची आठवण निघाली, की आधी नाव येते ते हजारेंचे. १९९९ साली चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध सचिनने १३६ धावा केल्या आणि आपण बारा धावांनी हरलो. त्या संध्याकाळी घराघरांत जेवणे गेली नाहीत. 'हरलेल्या डावातल्या धावा वांझ' असे म्हणायची त्या दिवशी कुणाची छाती झाली असती का?

लार्किनचे यात काही वाईट झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तो पुढे युरोपात गेला आणि इस्तंबूलच्या अनादोलू एफेस संघाने २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोलीग जिंकली, तेव्हा तो त्या संघाचा आधारस्तंभ होता. म्हणजे प्रशिक्षकांची पारख खोटी नव्हती. पण पुढे कोण किती मोठा होईल, याचे भाकीत करण्यासाठी तो पुरस्कार नव्हता. त्या एका वर्षी, त्या बारा संघांत, सर्वांत चांगले कोण खेळले, एवढाच प्रश्न होता. माझे मत वार्ताहरांच्या बाजूने आहे.

प्रशिक्षक कोर्टाच्या कडेला बसतात. समोरच्या संघाने आपल्याला कसे हरवले, तेच त्यांना रात्री झोपताना आठवते. वार्ताहर जरा वर, जरा दूर बसतो. त्याला हरणारा माणूस पुरता दिसतो. कुणाचाही निवाडा करायची वेळ आली, तर त्या दूरच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहावे. येत्या निकालाच्या दिवशी मुलगा शाळेतून येईल, आणि त्याचा वर्ग, त्याची तुकडी, त्याचा संघ शेवटचा आला असेल. तेव्हा 'कितवे आलात?' हे विचारण्याआधी 'तू कसा खेळलास?' एवढे विचारले, तरी पुष्कळ झाले.