नावाचे भांडवल आणि काळाचे अंतर

एखादा गाजलेला कौटुंबिक विनोदी चित्रपट पंधरा-वीस वर्षांनी दुसरा भाग होऊन परत आला, की त्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : पहिल्याची सर दुसऱ्याला आली काय? रसिकाच्या दृष्टीने हा प्रश्न स्वाभाविक आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. इतक्या वर्षांनी परत येण्याची गरज नेमकी कोणाला भासली, आणि त्या परतण्याची किंमत कोणाच्या खिशातून वसूल होते?

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे निमित्त परदेशातले आहे. 'फ्रीकी फ्रायडे' या २००३ सालच्या अमेरिकन चित्रपटाचा पुढचा भाग 'फ्रीकिअर फ्रायडे' या नावाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. मूळ कथा मेरी रॉजर्स यांच्या १९७२ च्या कादंबरीची. एका सकाळी आई आणि तिची वयात आलेली मुलगी यांच्या देहांची अदलाबदल होते. आईला शाळेत जावे लागते, मुलीला आईचा व्यवसाय सांभाळावा लागतो, आणि एकमेकींच्या जागी उभे राहिल्यावरच दोघींना एकमेकींची अडचण कळते. पहिल्या भागात मुलगी झालेली लिंडसे लोहान तेव्हा सतरा वर्षांची होती. आता एकोणचाळिसाव्या वर्षी ती स्वतः एका वयात आलेल्या मुलीची आई झाली आहे, आणि आईचे काम करणारी जेमी ली कर्टिस आजी. या वेळी अदलाबदल चौघींची आहे.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. परकायाप्रवेश हा शब्द आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. आदि शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. 'भगवदज्जुकीयम्' हे सातव्या शतकाच्या सुमाराचे संस्कृत प्रहसन तर या प्रकाराचा अस्सल पूर्वजच म्हणावे लागेल. त्यात यमदूत चुकीच्या गणिकेचा प्राण नेतो, एक संन्यासी योगबलाने तिच्या देहात शिरतो, आणि चूक उमगून परतलेला यमदूत तिचा प्राण संन्याशाच्या रिकाम्या देहात घालून मोकळा होतो. गणिका वैराग्य सांगू लागते आणि संन्यासी शृंगार करू लागतो. इंग्रजीत बाप-लेकाच्या अदलाबदलीची 'व्हाइस व्हर्सा' ही कादंबरी १८८२ साली आली. आपले प्रहसन तिच्याआधी बाराशे वर्षांचे आहे.

मराठी चित्रपटात या कल्पनेचा सर्वांत लोकप्रिय अवतार म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला'. येथे आई-मुलीची अदलाबदल नाही. तात्या विंचू नावाचा गुंड मरताना मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि मग त्या बाहुल्यातून सुटून भोळ्या लक्ष्याच्या देहात शिरण्यासाठी धडपडतो. बीज 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकन भयपटातले. पण दिलीप प्रभावळकर यांचा तात्या, रामदास पाध्ये यांच्या हातचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची तारांबळ यांनी त्या भयपटाचे कुटुंबाने एकत्र बसून पाहावे अशा मराठी विनोदात रूपांतर केले. बरोबर वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' त्रिमिती तंत्राने आला. मधल्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये, लक्ष्मीकांत बेर्डे निवर्तले होते. त्यामुळे लक्ष्याच्या जागी लक्ष्याचा मुलगा आला आणि ते काम दिग्दर्शकाच्या मुलाने, आदिनाथ कोठारे यांनी केले. माणसे गेली, माणसे बदलली. बाहुला मात्र तसाच्या तसा होता. त्याला वय नाही, मानधन नाही, आजारपण नाही. निर्मात्याच्या दृष्टीने यापरते आदर्श भांडवल कोणते? तिसऱ्या भागाचीही घोषणा झाली आहे.

भांडवल हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ज्याला ताळेबंदात ख्याती म्हणून दाखवतो, तीच ही वस्तू. नवा चित्रपट काढणाऱ्याला खर्चाचा मोठा वाटा केवळ आपले नाव लोकांच्या कानावर जावे यासाठी घालावा लागतो, आणि तो वाटा परत येईल याची शाश्वती नसते. जुने नाव हाताशी असले की हा खर्च वीस वर्षांपूर्वी कोणी तरी करून ठेवलेला असतो. शिवाय पहिला चित्रपट दूरदर्शनच्या आणि खाजगी वाहिन्यांच्या पडद्यावर सतत दाखवला गेल्यामुळे त्या ख्यातीची फुकट मशागत होत राहिलेली असते. तेव्हा दुसरा भाग काढणे हा कल्पनादारिद्र्याचा पुरावा आहे, असे जे टीकाकार सरसकट म्हणतात, त्यांच्याशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. जोखीम कमी करणे हा कोणत्याही व्यवसायातला शहाणपणाच मानला जातो.

परंतु यंत्राप्रमाणे नावालाही घसारा लागतो, आणि हिशेबात बहुधा तोच विसरला जातो. अमेरिकेतलेच उदाहरण पाहा. पहिल्या 'फ्रीकी फ्रायडे'ने २००३ मध्ये जगभर सुमारे १६ कोटी डॉलर मिळवले. दुसऱ्याची कमाई १५ कोटींच्या आसपास आहे. वरवर पाहता नावाने आपली पत टिकवली. पण बावीस वर्षांत डॉलरची खरेदीशक्ती पुष्कळच घटली असल्याने, खऱ्या मूल्यात दुसऱ्या भागाची मिळकत पहिल्याहून बरीच कमी भरते. तरीही तो तोट्याचा धंदा ठरला नाही, याचे श्रेय आपल्या मते नावापेक्षा काळाच्या अंतराला द्यायला हवे. जी प्रेक्षक मुलगी तेव्हा लोहानच्या वयाची होती ती आज आई आहे, आणि पडद्यावरही नेमके तेच घडले आहे. मधली वर्षे ही त्या कथेची कच्ची सामग्री झाली. पुढचा भाग उशिरा काढण्याला कलेच्या बाजूने काही समर्थन असेल तर ते हेच : घरातली नाती मधल्या काळात आपोआप उलटीपालटी झालेली असतात.

या कसोटीला आपले अलीकडचे चित्रपट लावून पाहता येतील. 'दे धक्का' (२००८) मधले जाधव कुटुंब 'दे धक्का २' मध्ये, १४ वर्षांनी, लंडनला पोहोचले. मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव ही ओळखीची मंडळी तीच. बदलला तो मुख्यतः नकाशा. पहिल्या चित्रपटाची सारी गोडी खिळखिळ्या वाहनातून निघालेल्या गरजू कुटुंबाच्या ओढाताणीत होती. ओढाताण संपल्यावर लंडनच्या रस्त्यांनी तिची जागा भरून निघेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. सचिन पिळगांवकर यांचा 'नवरा माझा नवसाचा २' सप्टेंबर २०२४ मध्ये, पहिल्या भागानंतर सुमारे दोन दशकांनी आला. नवस तोच, गणपतीपुळेही तेच, एस.टी.ऐवजी कोकण रेल्वे, आणि पहिल्यात कंडक्टर असलेले अशोक सराफ आता तिकीट तपासनीस. (एस.टी.तल्या वाचकांना ही बढती वाटते की बदली, हे त्यांनीच ठरवावे.) या चित्रपटात निदान एक गोष्ट काळाने दिलेली होती. मुलगी मोठी झाली आहे, जावई आला आहे, आणि नवसाचा प्रश्न दुसऱ्या पिढीपाशी नव्याने उभा राहतो. जेथे जेथे चित्रपटाने त्या पिढीकडे लक्ष दिले तेथे तो जिवंत वाटतो. जेथे जुन्या विनोदांची उजळणी केली, तेथे प्रेक्षक ओळखीचे हसून स्वस्थ बसतो.

रंगभूमीने हे गणित अधिक प्रामाणिकपणे मांडले आहे, असे म्हणावेसे वाटते. आचार्य अत्र्यांची 'मोरूची मावशी' पुन्हा रंगमंचावर आली तेव्हा ती मावशीच होती. विजय चव्हाण नवे होते, संहिता जुनी होती, आणि प्रेक्षकाला आपण काय विकत घेतो हे पुरते ठाऊक होते. उलट प्रशांत दामले आणि कविता मेढेकर 'एका लग्नाची गोष्ट' नंतर दोन दशकांनी 'एका लग्नाची पुढची गोष्ट' घेऊन आले, तेव्हा संसार मुरलेल्या जोडप्याची वेगळी कथा त्यांनी सांगितली. दामले यांचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी झाला, तो याच नाटकाचा.

आता किंमत कोण मोजतो, याकडे वळू. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. करमणुकीच्या उद्योगाला येथील जमीन आणि येथील मजूर चांगले परिचयाचे आहेत. चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ मध्ये चित्रनगरी उभारली. 'जोधा अकबर'चे महाल तेथेच उभे राहिले. 'झपाटलेला २' ज्या वर्षी आला त्याच २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे उद्यान सुरू झाले. म्हणजे स्वप्ने तयार करण्याचा कारखाना आमच्या दारात आहे. पण त्या कारखान्याचा माल पाहायचा तर नेरळ-कर्जतच्या माणसाला लोकल पकडावी लागते. जो कारकून आठवड्याचे सहा दिवस मुंबईला जाण्यासाठी दोन आणि परतण्यासाठी दोन तास गाडीत काढतो, त्याने सातव्या दिवशी बायकामुलांना घेऊन पुन्हा तीच गाडी पकडावी, अशी ही व्यवस्था आहे.

समजा, तिकीट २०० रुपयांचे आहे. चौघांचे ८०० झाले. त्यात प्रवास आणि मध्यंतरातले खाणे धरले की एका दुपारचा खर्च दीड हजारांच्या घरात जातो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात असा खर्च वर्षातून दोनदा, फार तर तीनदा होतो. अशा वेळी तो जोखीम पत्करत नाही. ज्या चित्रपटाचे नाव त्याने ऐकलेले आहे, जो त्याने स्वतः मुलगा असताना पाहिला होता, त्याचाच दुसरा भाग तो निवडतो. तिकीट जितके महाग, तितका प्रेक्षक ओळखीच्या नावाला चिकटून राहणार. निर्माता जोखीम टाळतो म्हणून पुढचे भाग निघतात हे अर्धे सत्य आहे. प्रेक्षकालाही जोखीम परवडत नाही, हे उरलेले अर्धे. दुसऱ्या भागांची ही लाट प्रेक्षकाच्या आवडीची जेवढी खूण आहे, तेवढीच त्याच्या तंगीचीही आहे.

यावर कोणी म्हणेल की 'सैराट'ला (२०१६) कुठले जुने नाव होते? 'बाईपण भारी देवा'ला (२०२३) कोणते? आक्षेप योग्यच आहे. सहा मध्यमवयीन बहिणींची कथा पाहायला बायका गटागटाने गेल्या, त्या कोणत्याही पूर्वीच्या भागाची आठवण मनात ठेवून गेलेल्या नव्हत्या. पण या दोन्ही चित्रपटांची ख्याती प्रदर्शनानंतर तोंडोतोंडी पसरली, आणि तोंडोतोंडी पसरायला वेळ लागतो, काही आठवडे पडदा मिळावा लागतो. नव्या, निनावी चित्रपटाला तो पडदा दुसऱ्या शुक्रवारपर्यंत टिकवणे अवघड जाते. बहुपडदा गृहांनी मराठी चित्रपटांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ द्यावा, हा शासनाचा २०१५ चा आग्रह याच अडचणीतून आला होता.

करांची कथाही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९७५ च्या सुमारास शासनाने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. परताव्याचा उपयोग निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी करावा, अशी तिची दिशा होती. पुढचा म्हणजे नवा. जुन्याचा दुसरा भाग असा अर्थ त्या काळी कोणाच्या मनातही नव्हता. पुढे मराठी चित्रपटांना करमणूक शुल्क माफ झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि ती वेगळी वागणूक संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के असा दर आहे. खालचा दर ऐकायला गोड वाटतो. परंतु शंभर रुपयांचे तिकीट प्रायः ज्या एकपडदा गृहात मिळायचे, ती गृहेच एकेक करून बंद पडत असतील, तर ही सवलत घेणार कोण?

दुसरे भाग निघूच नयेत, असे म्हणण्याचा हेतू नाही. ज्याच्या पाठीशी नावाचे भांडवल आहे त्याला बाजार पुरेसा आहे. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी असलेले शासकीय अर्थसाहाय्य अशांना देण्याचे कारण नाही, एवढेच म्हणणे आहे. तो पैसा तालुक्याच्या गावी लहान चित्रपटगृहे उभी करण्याकडे वळवला, तर शंभर रुपयांच्या तिकिटाला अर्थ येईल, आणि दीड हजारांऐवजी पाचशेत दुपार भागली तर कारकुनाचे कुटुंब अनोळखी नावाच्या चित्रपटालाही एखादे वेळी संधी देईल. नितीन देसाई यांच्या ऑगस्ट २०२३ मधील दुःखद निधनानंतर चौकची चित्रनगरी काही काळ अधांतरी होती. आता तिचा कारभार राज्याच्या चित्रपट महामंडळाने हाती घेतला आहे. तेथे चित्रीकरणासाठी राजवाडे आहेत, किल्ले आहेत, बाजारपेठा आहेत. खालापूरच्या प्रेक्षकासाठी दोन-तीनशे खुर्च्यांचे एक साधे चित्रपटगृह तेथे उघडायला महामंडळाला फार मोठा खर्च येऊ नये.