टॅब आपल्या हातात, माहिती कोणाची?

बैहर, परसवाडा, बिरसाकडच्या बैगा टोल्यांवर सर्वे करायला कोण जातं? बहुतेक वेळा आपल्यासारखीच पोरं. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन योजना आली, तेव्हापासून घरं किती, आधार आहे का, रस्ता कुठवर, हे सगळं मोबाईलमध्ये भरलं जातंय. घर-रस्ता मिळायचा तर माहिती लागणारच, त्याला कोणाची ना नाही. पण भरलेलं त्या टोल्याला परत वाचून कोण दाखवतं?

यात काय एवढं, असं वाटत असेल तर १९७९ आठवा. बैगांसारख्या आदिम जमातींची संख्या घटतेय म्हणून मध्य प्रदेश सरकारने आदेश काढला: यांची नसबंदी करायची नाही. चार-पाच लेकरं झालेली बाई स्वतः ऑपरेशन मागायला आली तरी दवाखान्यातून परत. छत्तीसगड वेगळं झालं, आदेश तिथंही चालूच राहिला. शेवटी काही बैगा जोडपी हायकोर्टात गेली, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये तो तिथं रद्द झाला. ३९ वर्षं! आकडा बैगांचा, निर्णय भोपाळचा, आणि भोगलं बायांनी.

आता रक्ताचं घ्या. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी हवीच, हा आजार काय आहे ते आपल्याला सांगायला नको. पण सिकलसेलचा रिपोर्ट एकट्या माणसाचा नसतो. आई-बाप, भावंडं, उद्याची सोयरीक, सगळं त्यात येतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या हवासुपाई लोकांनी १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. त्याच रक्तावर त्यांना न विचारता मानसिक आजाराचं आणि पूर्वज कुठून आले याचं संशोधन झालं. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण तो वैयक्तिक माहितीचा. टोल्याची, जमातीची सामूहिक माहिती त्यात बसतच नाही. वर लाभ-अनुदानासाठी सरकारला बऱ्याचदा वेगळी संमती घ्यावी लागत नाही. खरा आधार आहे तो २००६ च्या वनहक्क कायद्याचा. जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क आहे, असं कलम ३ स्पष्ट सांगतं.

कागदावरचा हक्क जमिनीवर कसा येतो ते जैवविविधता नोंदवहीत दिसतं. कोणती मुळी, कोणती साल, कशावर, हे सगळं या वहीत यायचं. ती गावच्या समितीने लोकांना विचारून करायची. वर्षानुवर्षं काम रखडलं. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाही तर राज्याने महिन्याला १० लाख भरायचे. त्या घाईत गुनियाजवळ बसून कोणी किती ऐकलं असेल, तुम्हीच अंदाज करा.

पोवारी बोलणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. २०११ च्या जनगणनेत पोवारी हिंदीच्या खात्यात मोजली गेली. आपल्याला विचारायला आलं होतं कोणी?

म्हणून मागणी साधी आहे. सर्वे कशासाठी, माहिती कुठे जाणार, हे आधी ग्रामसभेत सांगा. भरून झालं की तिथंच वाचून दाखवा, एक प्रत गावात ठेवा. गुनिया म्हणाला ही मुळी लिहायची नाही, तर रकाना रिकामा सोडा. आणि २०२७ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून तुमचा नंबर लागला, समोरच्याने मातृभाषा बैगानी सांगितली, तर बैगानीच लिहा. "हिंदीच की" म्हणत पुढच्या रकान्यावर जाऊ नका.