वृत्तचिती आणि सिलिंडर

मी मराठी शिकवितो. घरी कोंकणी बोलतो, आणि गणिताशी असलेला माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असे मी पुष्कळ वर्षे समाधानाने सांगत असे. अशा माणसाने वार्षिकांकात इंजिनाच्या घनफळाविषयी लिहावे, हे गणिताच्या सहकाऱ्यांना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. चूक निघाल्यास त्यांनी ती फळ्यावर जरूर दाखवावी.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांची जुनी बुलेट मोटारसायकल धूर ओकू लागली, म्हणून ती मी बेळगावात उद्यमबागेच्या वाटेवरील एका गॅरेजात नेली. तेथे काम करणारा तरुण आपल्याच शाळेचा विद्यार्थी निघाला. दहावीला गणितात दोनदा अनुत्तीर्ण होऊन त्याने शाळा सोडली होती. त्याने सिलिंडर उतरविला, आतून बोट फिरविले आणि म्हणाला, “सर, बोअर झिजलाय. वर कड लागते बघा. बोरिंग करून पन्नासचा पिस्टन घालावा लागेल.” पन्नास म्हणजे मूळ मापाहून अर्धा मिलिमीटर मोठा. जी झीज मला डोळ्यांनी दिसत नव्हती, ती त्याच्या बोटाला कळली होती.

मी सहज विचारले, “मग हे इंजिन साडेतीनशेच राहील का?” तो हसला. “सी. सी. कंपनी ठरवते, सर. पुस्तकात छापलेली असते.” मग मास्तरकीच्या सवयीने मी विचारले, “वृत्तचितीचे घनफळ आठवते का रे?” त्याने एका दमात म्हणून दाखविले : पाय आर वर्ग एच. सूत्र त्याला बिनचूक पाठ होते! मी त्याच्या हातातील सिलिंडरकडे बोट दाखविले. त्याने एकदा त्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. “सर, वृत्तचिती म्हणजे हा सिलिंडर? मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

मी गणित शिकवीत नव्हतो, ही सबब ओठांवर आली होती. परंतु ती टिकणारी नव्हती. वृत्तचिती हा मराठी शब्द आहे, आणि शब्दांचा अर्थ सांगण्यासाठीच मला वेतन मिळते.

शब्दही किती नेमका! चिती म्हणजे रचलेली रास. यज्ञाच्या वेदीसाठी विटांचे थर रचीत, त्या थरालाही चिती म्हणत. तेव्हा वृत्तचिती म्हणजे वर्तुळांची चळत, डब्यात एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखी. एका वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा आणि चळत जितकी उंच, तितक्याने गुणा. सूत्र त्या शब्दातच आहे. ‘सिलिंडर’ हा मूळचा ग्रीक शब्द केवळ ‘लोळणारे’ एवढेच सांगतो. तथापि सिलिंडर शब्द टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. गॅरेजात वृत्तचिती मागणारा मनुष्य हास्यास्पदच ठरेल. दोन्ही शब्दांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा आतील व्यास, म्हणजे बोअर, ७० मिलिमीटर. पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जितके अंतर जातो, तो स्ट्रोक ९० मिलिमीटर. मिलिमीटरांचे सेंटिमीटर करू. त्रिज्या ३.५. भूमितीच्या उदाहरणांत त्रिज्या ३.५ किंवा ७ दिसली की ती बावीस सप्तमांशाच्या सोयीसाठी बनविली आहे, असा आपला समज असतो. येथे खऱ्या यंत्रातच ती सापडली. ३.५ चा वर्ग १२.२५; बावीस सप्तमांशाने गुणून ३८.५, स्ट्रोकच्या ९ सेंटिमीटरांनी गुणून ३४६.५ घन सेंटिमीटर. पाय अधिक अचूक घेतल्यास ३४६.४ येतात. कागदोपत्री ३४६ लिहितात आणि लोक साडेतीनशे म्हणतात. सी. सी. म्हणजे हेच घन सेंटिमीटर. ते इंजिनाची ताकद नव्हेत, पेट्रोलचे मापही नव्हेत.

परंतु येथे दोन फसव्या जागा आहेत, आणि माझी स्वतःची पहिल्या प्रयत्नात दोन्हीकडे फसगत झाली. सत्तर हा व्यास आहे हे विसरून मी त्याचाच वर्ग केला, तेव्हा उत्तर १३८६ आले. तेवढे घनफळ मोटारगाडीच्या इंजिनाला शोभेल! दुसरी जागा उंचीची. सिलिंडर फूटपट्टीने मोजून स्ट्रोक मिळत नाही. सिलिंडर त्याहून लांब असतो, आणि पिस्टन अगदी वर आल्यावरही त्याच्या डोक्यावर जी थोडी पोकळी उरते, ती या हिशेबात धरीतच नाहीत. स्ट्रोक ठरतो क्रँकशाफ्टवरून. शाफ्टच्या आसापासून क्रँकपिनचा मध्य ४५ मिलिमीटर दूर आहे. पिन फिरताना तितकीच वर जाते आणि तितकीच खाली येते, म्हणून पिस्टनची धाव त्याच्या दुप्पट. एके ठिकाणी निम्मे करावयाचे, दुसऱ्या ठिकाणी दुप्पट. इतके सावध राहिले की झाले.

पिस्टनच्या रिकाम्या खोक्यावर आम्ही दोघांनी नवा हिशेब मांडला. व्यास ७०.५, त्रिज्या ३.५२५. घनफळ ३५१ च्या थोडे वर गेले. अर्ध्या मिलिमीटरने पाच घन सेंटिमीटर! स्ट्रोक तितकाच वाढविला असता, तर वाढ दोनाहूनही कमी झाली असती. व्यासाचा वर्ग होतो, स्ट्रोकचा होत नाही. वर्ग म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी जितके कळले, तितके दहावीच्या दोन वर्षांत कळले नव्हते. हे त्याचेच शब्द आहेत.

पालकांपैकी कोणी म्हणतील, “आमच्या मुलाला मेकॅनिक करावयाचे नाही.” नका करू. पण कायदादेखील हाच आकडा विचारतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास ५० घन सेंटिमीटरपर्यंतचीच मोटारसायकल चालविता येते. त्याहून मोठीसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. रस्त्यावरील बहुतेक स्कूटरी शंभराच्या वर आहेत. शाळेच्या फाटकापाशी मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांनी एवढा गुणाकार करून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के कर आहे आणि त्यापुढील मोठ्यांवर ४० टक्के. तेव्हा हा आकडा केवळ गॅरेजातला नव्हे.

परीक्षेत हे येत नाही, असा आक्षेप एका सहकाऱ्यांनी घेतला. खरे आहे. परंतु ज्या मुलाला सूत्र येत होते आणि तरीही तो परीक्षेत पडला, त्याचे काय? ज्या गावात ओतकाम आणि लेथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथील शाळेत वृत्तचिती शिकविण्यासाठी खडूने दोन लंबवर्तुळे आणि दोन रेघा काढाव्यात, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

बोरिंगची मर्यादा संपलेला एक सिलिंडर आणि मोडका क्रँकशाफ्ट त्या तरुणाने शाळेला दिला आहे. दोन्ही प्रयोगशाळेच्या कपाटात, व्हर्निअर कॅलिपरच्या शेजारी ठेवले आहेत. बुलेटच्या नव्या इंजिनाचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर आहे; स्ट्रोक घटला, तरी घनफळ घटले की वाढले, हे सुटीत करून पाहा. जूनमध्ये घनफळाचा धडा येईल तेव्हा सिलिंडर दाखविण्यासाठी त्यालाच वर्गात बोलवावे, असे मी मुख्याध्यापकांना लिहून दिले आहे. तो अजून ‘बघतो, सर’ एवढेच म्हणतो.